दोनशे कोटींची बाटली

आमच्या रावेतमध्ये पावसाळा सुरू झाला की दोन गोष्टी ठरलेल्या. मुकाई चौकात गाड्यांची रांग आणि पाळणाघरात ताप. पहिल्या गोष्टीवर बोलून काही उपयोग नाही हे आता सगळ्यांनाच कळलंय, म्हणून या विकांताला दुसरीवर लिहितोय.

पाळणाघरातलं एक पोर शिंकलं की आठवड्याभरात अख्खी फौज आडवी होते. मग सोसायटीच्या ग्रुपवर "कोणी चांगला पेडियाट्रिशियन सुचवा" सुरू होतं, आणि थोड्याफार फरकाने सगळ्यांच्या हातात तेच प्रिस्क्रिप्शन येतं. तापाचं पॅरासिटामॉल. पावडरमध्ये पाणी घालून हलवायचं एक अँटिबायोटिक. नाकात घालायचे थेंब. आणि सगळ्यात शेवटी बोटभर उंचीची ती प्लॅस्टिकची बाटली, जिचं टोक पिरगाळून मोडायचं आणि आतलं पाणी पोराच्या तोंडात ओतायचं. त्याला ना धड चव, ना रंग, ना वास. केमिस्टला विचारलं तर म्हणतो, "पोटासाठी आहे, द्या बिनधास्त."

माझ्या ताईच्या फ्रिजच्या दारात अंड्यांच्या जागी आता या बाटल्या असतात. भाचा पावणेतीन वर्षांचा. गेल्या पावसाळ्यात त्याला चार वेळा ताप आला, चारही वेळा बाटल्या आल्या. मग ताईच्या एका मैत्रिणीने सांगितलं की परदेशात आता तापालाच प्रोबायोटिक देतात, त्याने ताप लवकर उतरतो, तर तू वर्षभर चालूच ठेव. ताईने ते मला फॉरवर्ड केलं. खाली एकच ओळ होती, "खरंय का बघ."

बघितलं. आणि माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पोहे खायला उठायचंय त्यांनी खुशाल उठावं. प्रोबायोटिक हे थोतांड नाही. पण आपण ते ज्या पद्धतीने वापरतो, म्हणजे कुठलंही, कितीही, कशावरही, ती पद्धत मात्र थोतांडाच्या बरीच जवळ जाते. आणि वारंवार येणाऱ्या तापात त्या बाटलीचा सगळ्यात मोठा धोका तिच्या आत नाहीच. "काहीतरी केलं" हे जे समाधान ती आपल्याला देते, त्यात आहे.

(मी डॉक्टर नाही. कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. हे वाचून कोणी औषध सुरू किंवा बंद करू नये. डॉक्टरांना चार प्रश्न जास्त विचारावेत, एवढीच अपेक्षा.)

आता बाटलीत काय आहे ते बघू. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणाऱ्या बाटलीत बॅसिलस क्लॉसाय नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. पाच मिलीमध्ये दोनशे कोटी! भारताच्या लोकसंख्येहून जास्त जीव एका घोटात. बीजाणू म्हणजे जाड कवचातला झोपलेला जिवाणू. पोटातलं आम्ल तो सहन करतो, आणि यातले वाण नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद देत नाहीत, म्हणून औषधांच्या बरोबरीने देता येतात. इतर पाकिटांत लॅक्टोबॅसिलस किंवा बायफिडोबॅक्टेरियम असतात. काहींत सॅकरोमायसिस बुलार्डी असतं, जे जिवाणूसुद्धा नाही, यीस्ट आहे. आणि काही पाकिटांवर अजूनही लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनस असं लिहिलेलं असतं, ज्याला शास्त्रज्ञांनी कधीच बॅसिलस कोॲग्युलन्समध्ये टाकलंय. म्हणजे पाकिटावरचं नावसुद्धा जुन्या पत्त्यावरचं!

आणि इथेच पहिली गोम आहे. आपण "प्रोबायोटिक" हा शब्द "पॅरासिटामॉल" सारखा वापरतो, जणू ते एक औषध आहे. तसं नाही. २००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी व्याख्या केली ती साधारण अशी: पुरेशा प्रमाणात दिले असता शरीराला फायदा करून देणारे जिवंत सूक्ष्मजीव. यातल्या प्रत्येक शब्दाला अट चिकटलेली आहे. जिवंत हवेत. पुरेसे हवेत. आणि फायदा दाखवता आला पाहिजे. फायदा दाखवला जातो तो एका ठरावीक वाणाचा, सगळ्या कुळाचा नाही.

सोप्या भाषेत सांगतो. लॅक्टोबॅसिलस हे आडनाव. ऱ्हाम्नोसस हे नाव. त्यापुढे येणारं जीजी किंवा एचएन००१ हा फ्लॅट नंबर. कुरिअरवाल्याला तुम्ही "पाटील, रावेत" एवढाच पत्ता दिलात तर पार्सल कुणाकडे जाईल? तसंच "लॅक्टोबॅसिलस आहे यात" या वाक्याचं आहे. एका पाटलांनी चांगलं काम केलं म्हणून सगळ्या पाटलांना बोनस देत नाहीत.

आता ताईच्या फॉरवर्डकडे येऊ. ते अगदीच हवेतलं नव्हतं. इटलीत मिलानच्या पॉलिक्लिनिको रुग्णालयात खरंच असा अभ्यास झाला आणि मार्च २०२५ मध्ये जामा नेटवर्क ओपन या नियतकालिकात छापून आला. २८ दिवस ते ४ वर्षं वयाची, ताप आणि सर्दी-घशाचा संसर्ग घेऊन आपत्कालीन विभागात आलेली १२८ मुलं. निम्म्यांना तीन ठरावीक वाणांचं मिश्रण १४ दिवस दिलं, निम्म्यांना तसंच दिसणारं पण आत काही नसलेलं द्रावण. कोणाला काय मिळतंय हे आईबापांनाही माहीत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. निकाल: प्रोबायोटिकवाल्या गटात ताप मध्यमानाने ३ दिवस टिकला, दुसऱ्या गटात ५ दिवस.

दोन दिवस! हसू नका. दाजी चाकणला कंपनीत शिफ्टमध्ये, ताई हिंजवडीला, आणि आजी-आजोबा साताऱ्याला. पाळणाघराचा नियम साधा आहे, ताप असलेलं मूल घ्यायचं नाही. म्हणजे पाच दिवसांचा ताप म्हणजे पाच दिवस कोणीतरी घरी. दाजींची सुट्टी संपली की ताईचं वर्क फ्रॉम होम, आणि ते म्हणजे मांडीवर तापलेलं पोर, कानात क्लायंट. अशा घराला कोणी "ताप दोन दिवसांनी कमी" म्हणून काही दिलं तर ते घर घेणारच. त्यात अडाणीपणा वगैरे काही नाही. उलट रावेत, पुनावळे, ताथवडे इथल्या निम्म्या फ्लॅट्सचं अर्थशास्त्र आहे ते. म्हणूनच हा प्रश्न नीट तपासला पाहिजे असं मला वाटतं.

तर तपासू. पहिलं, अभ्यास नीटनेटका होता पण लहान होता, आणि एकाच रुग्णालयातला. आमच्याकडे एखादं फीचर एका सर्व्हरवर १२८ युजर्सना चाललं म्हणून कोणी सगळ्या देशात रोलआउट करत नाही. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या विषाणूंवर, दुसऱ्या पोटांवर तेच दिसतंय का, हे बघावं लागतं. दुसरं, तो अभ्यास एका तापाबद्दल होता, आलेला ताप किती दिवसांत उतरतो याबद्दल. "पुन्हा पुन्हा ताप येऊ नये" हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर त्यात नाही. तिसरं, त्यातले वाण होते बायफिडोबॅक्टेरियम ब्रेव्ह एम-१६व्ही, बायफिडोबॅक्टेरियम लॅक्टिस एचएन०१९ आणि लॅक्टोबॅसिलस ऱ्हाम्नोसस एचएन००१. ताईच्या फ्रिजमधल्या बाटलीत होतं बॅसिलस क्लॉसाय. म्हणजे पेपर एका पाटलांचा, बाटली दुसऱ्या कुलकर्ण्यांची.

मग "पुन्हा येऊ नये" याबद्दल काय माहिती आहे? कॉक्रेन ही संस्था जगभरचे अभ्यास गोळा करून, चाळणी लावून एकत्र निष्कर्ष काढते. २०२२ च्या त्यांच्या आढाव्यात सर्दी-खोकला-घशाच्या संसर्गावरचे २४ अभ्यास होते, मिळून ६,९५० माणसं, लहान-मोठी सगळी. प्रोबायोटिक घेणाऱ्यांमध्ये निदान एकदा तरी असा संसर्ग होण्याचं प्रमाण साधारण २४ टक्क्यांनी कमी दिसलं. अँटिबायोटिक लिहून देण्याचं प्रमाणही कमी दिसलं. पण पुराव्याची खात्री कमी ते मध्यम, असं त्यांनीच म्हटलंय, कारण वाण वेगळे, डोस वेगळे, दिवस वेगळे. थोडक्यात काय तर दिशा बरी दिसते, पण नकाशा अजून काढलेला नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं गोऱ्यांच्या पोटांबद्दल झालं. आपल्याकडे काय? आपल्याकडे चांगलं काम झालंय, आणि त्याबद्दल ग्रुपवर कोणी फॉरवर्ड पाठवत नाही याचं मला वाईट वाटतं.

ओडिशाच्या खेड्यांत ४,५५६ नवजात बाळांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये नेचरमध्ये आला. आईच्या दुधावर असलेल्या बाळांना पहिल्याच आठवड्यात सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लांटारमचा एक वाण आणि त्या जिवाणूचं खाद्य असलेली एक साखर दिली. जंतुसंसर्ग रक्तात पसरणं किंवा मृत्यू, हे दोन्ही मिळून ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. जगभर गाजलेला अभ्यास आहे हा. त्याआधी कोलकात्याच्या वस्तीत १ ते ५ वर्षांच्या ३,७५८ मुलांना १२ आठवडे रोज लॅक्टोबॅसिलस केसी शिरोटा असलेलं पेय किंवा तसंच दिसणारं साधं पेय दिलं होतं. २०११ मध्ये निकाल आला: जुलाबांपासून १४ टक्के संरक्षण. काहीच नाही असं नाही, पण जाहिरातीत मावेल इतकंही नाही.

आणि आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण म्हणजे सेवाग्राम. वर्ध्याजवळच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले डॉक्टर सहभागी असलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कमी वजनाची १,३४० बाळं, अर्ध्यांना आठ वाणांचं मिश्रण, अर्ध्यांना नुसतंच. संशयित जंतुसंसर्ग प्रोबायोटिकच्या गटात २१ टक्क्यांनी कमी दिसला, पण हा फरक निव्वळ योगायोगानेही आलेला असू शकतो इतपतच होता. आणि संशोधकांनी तसं स्पष्ट लिहिलं. मला या अभ्यासाचं कौतुक याच गोष्टीसाठी वाटतं. "२१ टक्के घट!" असा मथळा करणं किती सोपं होतं... नाही केलं त्यांनी.

हे तिन्ही शेजारी ठेवून बघा. एकाच देशात, तीन वेगळी प्रोबायोटिक्स, वेगवेगळी मुलं, तीन वेगळी उत्तरं. म्हणजे "प्रोबायोटिक चालतं का?" हा प्रश्नच चुकीचा आहे. "सॉफ्टवेअर चालतं का?" असं विचारण्यासारखं. कुठलं, कशासाठी, किती दिवस?

भरीला आपली पोटंही वेगळी. बऱ्याच भारतीयांच्या आतड्यांत प्रिव्होटेला नावाच्या जिवाणूंचं राज्य असतं, धान्य आणि डाळी-भाज्या खाणाऱ्यांचा तो नेहमीचा भाडेकरू. पाश्चात्त्य आहारावरच्या पोटांत चित्र वेगळं दिसतं. इथे पुण्यातच राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्थेत डॉ. योगेश शौचे यांच्या गटाने भारतीय सूक्ष्मजीवांवर बरंच काम केलंय. तेव्हा मिलानमध्ये जे रुजलं ते मावळात तसंच रुजेल हे गृहीत धरता येत नाही. इंद्रायणी तांदूळ इटलीत लावून बघा :-)

आता एक अशी जागा, जिथे प्रोबायोटिकचा पुरावा खरोखर मजबूत आहे. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब. कॉक्रेनचा २०१९ चा आढावा: ३३ अभ्यास, ६,३५२ मुलं. अँटिबायोटिकबरोबर प्रोबायोटिक घेणाऱ्यांत ८ टक्क्यांना जुलाब झाले, न घेणाऱ्यांत १९ टक्क्यांना. हा फरक कोणीही मान्य करेल. मात्र इथेही वाणाचा प्रश्न सुटत नाहीच. युरोपातल्या बालपचन-तज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ साली यासाठी ज्यांची शिफारस केली ते लॅक्टोबॅसिलस ऱ्हाम्नोसस जीजी आणि सॅकरोमायसिस बुलार्डी. आपला लाडका बॅसिलस क्लॉसाय त्या शिफारशीत नाही.

आणि साध्या संसर्गाने झालेल्या जुलाबांचं काय? २०१८ मध्ये एकाच महिन्यात अमेरिका आणि कॅनडातले दोन मोठे अभ्यास आले, मिळून अठराशेहून जास्त मुलं. दोन्हींत प्रोबायोटिक आणि प्लॅसिबो यांत फरक नाही. यातल्या अमेरिकेच्या अभ्यासात तर तोच नावाजलेला जीजी वाण होता! म्हणजे एकच वाण, एका दुखण्यावर चालतो, दुसऱ्यावर नाही. जुलाबावरचा आपला खरा हिरो अजूनही ओआरएस आणि झिंकच. ओआरएसची ताकद १९७१ च्या निर्वासितांच्या छावणीत बनगावला दाखवून देणारे डॉ. दिलीप महालनाबिस २०२२ मध्ये गेले. एका पुडीची किंमत बघा आणि त्या बाटलीची बघा.

पण अँटिबायोटिकच्या मुद्द्यावर थांबायला हवं, कारण खरा घोळ तिथेच आहे.

प्रोबायोटिक सगळ्यात चांगलं कुठे चालतं? अँटिबायोटिक दिलेलं असताना. आणि पाळणाघरातले बहुतेक ताप कशाने येतात? विषाणूंनी. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, हे आता शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. म्हणजे आपण काय करतोय? जे औषध बहुतेक वेळा नकोच होतं ते द्यायचं, त्याने पोट बिघडेल म्हणून दुसरं द्यायचं, आणि दोन्हींचं बिल भरून "चला, पोटाचीही काळजी घेतली" म्हणत घरी यायचं. आमच्या धंद्यात याला पॅचवर पॅच मारणं म्हणतात. मूळ बग तसाच. आपल्या बाजारात तर अँटिबायोटिक आणि लॅक्टिक ॲसिड बॅसिलस एकाच गोळीत घातलेली औषधंही मिळतात. पॅच आधीच बिल्डमध्ये!

हे लिहिताना मला राहून राहून पिंपरी आठवते. १९५४ साली इथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, देशातली पहिली सरकारी औषध कंपनी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत होती. १९५५ मध्ये पेनिसिलिन बनायला लागलं. रावेतपासून जेमतेम आठ-दहा किलोमीटरवर. ज्या काळात न्यूमोनियाने पोरं जायची त्या काळात या गावाने देशाला ते औषध दिलं. आज त्याच पिंपरी-चिंचवडमध्ये आपण त्याचे वंशज सर्दीवर उधळतो. २०१४ पासून अनेक ताकदवान अँटिबायोटिक्स एच-वन यादीत आहेत, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, केमिस्टने नोंद ठेवायची. २०१६ पासून पाकिटावरच्या लाल रेघेचा अर्थ सांगणारी मोहीम सुरू झाली. पुढच्या वेळी औषध आणाल तेव्हा ती रेघ बघा जरा.

डॉक्टरांवर सगळं ढकलून मोकळं व्हायचं नाहीये मला. बाहेर चाळीस पेशंट, आत पाच मिनिटं, आणि समोर रात्रभर न झोपलेले आईबाप, ज्यांना उद्या ऑफिसला जायचंय. त्यांना "व्हायरल आहे, वाट बघा" सांगितलं तर ते दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. मागणी आपण तयार करतो. रिकाम्या हाताने दवाखान्यातून बाहेर पडायची आपली तयारी नसते, आणि ती छोटी बाटली ही त्यावरची सोयीची तडजोड असते.

बरं, "नुकसान तर नाही ना?" हा सगळ्यांचा शेवटचा मुद्दा. धडधाकट मुलाला बहुधा नाही. पण सरसकट नाही असं म्हणता येत नाही. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत अमेरिकेच्या एफडीएने २०२३ मध्ये इशारा दिला, कारण असं उत्पादन दिलेल्या एका बाळाच्या रक्तात तोच जिवाणू पसरून ते दगावलं. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या, नसेत नळी असलेल्या मुलांच्या बाबतीतही काळजी घ्यावी लागते. आणि २०१८ मध्ये इस्राएलच्या संशोधकांनी मोठ्या माणसांत एक गंमत दाखवली. अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांची आतड्यांतली मूळ वस्ती पूर्ववत व्हायला काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. भाडेकरूंनी जागा अडवून धरली, मूळ मालक बाहेर!

पण माझ्या लेखी सगळ्यात मोठं नुकसान वेगळं आहे. वाया गेलेला वेळ.

"वारंवार ताप" हा एक आजार नाही, त्याखाली किमान तीन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. पहिली आणि सगळ्यात जास्त दिसणारी: एकामागून एक येणारे साधे विषाणू. लहान मुलाला वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी-ताप होणं हे नॉर्मल आहे, पाळणाघरात जाणाऱ्याला त्याहून जास्त. मधल्या काळात पोर खातंय, खेळतंय, वजन वाढतंय, तर त्याची प्रतिकारशक्ती कमी नाही. ती शिकतेय.

दुसरी: घड्याळ लावल्यासारखा येणारा ताप. दर तीन ते सहा आठवड्यांनी चढा ताप, घसा लाल, तोंडात फोड, मानेला गाठी, चार-पाच दिवसांत आपोआप सगळं ठीक, आणि परत तीच तारीख. याला पीफापा म्हणतात, १९८७ मध्ये पहिल्यांदा वर्णन झालं. यात जंतूंचा संसर्ग नसतोच, म्हणून अँटिबायोटिक फुकट जातं. यातही प्रोबायोटिकचे छोटे प्रयोग झालेत, पण त्यावर विसंबावं इतका पुरावा नाही. मुळात आधी ओळखता आलं पाहिजे. आणि ओळखण्याचं साधन? कॅलेंडर! किती तारखेला ताप आला, किती चढला, किती दिवस टिकला, सोबत काय होतं. आपण सर्व्हरच्या प्रत्येक एररचा टाइमस्टॅम्प ठेवतो, पोराच्या तापाचा ठेवत नाही.

तिसरी, आणि हीच भीती: आत दडलेलं काहीतरी. सर्दी नाही, खोकला नाही, नुसताच ताप, परत परत. तिथे लघवीची तपासणी हवी, कारण लहान मुलांत मूत्रमार्गाचा संसर्ग असाच छुपा असतो आणि दुर्लक्ष केलं तर किडनीला व्रण राहू शकतात. टायफॉइड, मलेरिया, टीबी आपल्याकडे अजून संपलेले नाहीत. वजन घटतंय, सांधे सुजलेत, अंगावर पुरळ येतंय, ताप आठवडाभर हटत नाही, तर बाटली नको, तपासणी हवी. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा जास्त ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर, ग्रुपवर विचारत बसायचं नाही.

या तिसऱ्या गटातल्या मुलाला सहा महिने "इम्युनिटीसाठी" प्रोबायोटिक चालू राहिलं, तर त्या बाटलीने अपाय केला नाही असं कसं म्हणायचं?

आज्जींचा विषय काढला नाही तर लेख अपुरा राहील. आमची आई ठाम सांगते, "तापात दही अजिबात नको, कफ होतो." आणि तीच आई नातवाला त्या बाटलीतले दोनशे कोटी जिवाणू प्रेमाने पाजते, कारण ते औषध आहे. आता घरचं दही म्हणजे शास्त्रीय अर्थाने प्रोबायोटिक नव्हे, त्यात कुठले वाण किती आहेत हे विरजणालाच माहीत. त्याने ताप उतरेल असाही दावा मी करत नाही. पण पोर मागत असेल तर ताजा दहीभात अन्न म्हणून उत्तम आहे, आणि निदान त्यावर "इम्युनिटी" असं लेबल तरी नाही.

लेबलावरून आठवलं. मुलांचे ताप खरंच कमी करायचे असतील तर काय लागतं, याचं उदाहरण घाट उतरला की आहे. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना टायफॉइडची नवी कॉन्जुगेट लस देण्याची मोहीम काढली. सरकारी यंत्रणेने ही लस अशी सरसकट देण्याचं हे जगातलं पहिलं उदाहरण. पहिल्या टप्प्यात साधारण १ लाख १३ हजार मुलं. वारंवार ताप येणाऱ्या मुलाच्या फाइलमध्ये ही लस आहे का, दरवर्षीची फ्लूची लस आहे का (भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना पाच वर्षांपर्यंत सुचवते), हे किती जण बघतो?

आणि पाणी. पवना नदीवरचा बंधारा आमच्या रावेतलाच आहे, पिंपरी-चिंचवडचं बरंचसं पाणी इथून उचललं जातं. आणि २०१९ मध्ये दिवसाआड पाणी सुरू झालं ते बंधाऱ्याला लागून राहणाऱ्या आम्हालाही. मग टँकर, मग टाकी, मग "टाकी शेवटची कधी धुतली?" या प्रश्नावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये शांतता. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडच्या भागात जीबीएसची साथ आली आणि दूषित पाण्याकडे बोट गेलं, तेव्हा पंधरा दिवस सगळ्यांनी पाणी उकळलं. मग विसरलो. दोनशे कोटी चांगले जिवाणू विकत आणायचे, आणि वाईट जिवाणू टाकीतून फुकट येऊ द्यायचे, असा हा व्यवहार आहे.

ताईला मी शेवटी चार प्रश्न लिहून दिले, पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारायला. एक, हा ताप विषाणूचा वाटतोय का, आणि तसं असेल तर अँटिबायोटिक कशासाठी? दोन, हे प्रोबायोटिक नेमकं कशासाठी आहे, जुलाब टाळायला की ताप उतरायला? तीन, यात कुठला वाण आहे, आणि किती दिवस द्यायचा? चार, काय दिसलं तर मी वाट न बघता परत यायचं?

ज्या डॉक्टरांना तिने हे विचारलं ते चिडले नाहीत. उलट त्यांनी अँटिबायोटिक खोडलं, "दोन दिवस बघू" म्हणाले, आणि बाटलीबद्दल म्हणाले, "मग याचीही गरज नाही." चौथ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी सविस्तर, कागदावर लिहून दिलं. ताप तिसऱ्या दिवशी उतरला. यावरून काहीही सिद्ध होत नाही, एका मुलाचा एक ताप म्हणजे अभ्यास नव्हे, हे वर इतकं लिहिल्यावर मला कळतंच. पण ताईने कॅलेंडरवर तारीख लिहिली. ते मात्र पहिल्यांदाच झालं.

उद्या मिलानसारखाच अभ्यास वाडिया किंवा केईएममध्ये, हजारभर मराठी पोरांवर झाला आणि ताप दोन दिवसांनी कमी झाला, तर मी स्वतः ती बाटली आणून देईन, वाणाचं नाव आणि नंबर तपासून. तोवर तिची जागा चिठ्ठीवर शेवटची, आणि कारण विचारल्याशिवाय नाही.

असो. टाकी धुवायचा विषय पुढच्या रविवारच्या मीटिंगमध्ये मी मांडणार आहे. रावेतकरांनो, यायचं बरं का. चहा सोसायटीचा.